प्लेटवर ओव्याच्या तेलाचा झोन मोठा, पण पाण्यात ई. कोलाय जिवंत: असे का होते?

निवळी (प्रश्न):

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. वनस्पतींची सुगंधी तेले पाण्यातून पसरणाऱ्या जिवाणूंवर कितपत परिणाम करतात, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे, आणि गेले दोन आठवडे मी एकाच कोड्यापाशी अडकले आहे.

ओवा, लवंग, गवती चहा आणि निलगिरी ही चार तेले मी क्लेव्हेंजर उपकरणात ऊर्ध्वपातन करून स्वतः काढली. १०० ग्रॅम ओव्यातून जेमतेम अडीच मिलिलिटर तेल हाती आले, त्यामुळे प्रत्येक थेंब जपून वापरते आहे. ६ मिलिमीटरच्या कागदी चकतीवर १० मायक्रोलिटर तेल सोडून म्युलर-हिंटन आगरवर चाचणी घेतली, तेव्हा ई. कोलायविरुद्ध ओव्याच्या तेलाचा झोन, म्हणजे चकतीभोवती जिवाणू न वाढलेल्या वर्तुळाचा व्यास, २९ मिलिमीटर, लवंगेचा १९, गवती चहाचा १६ आणि निलगिरीचा अवघा ९ मिलिमीटर आला. साल्मोनेलाचे आकडे थोडे कमी भरले, पण क्रम तोच राहिला. स्यूडोमोनास एरुजिनोसाने मात्र एकाही तेलाला दाद दिली नाही. लवंगेच्या चकतीभोवती एक पुसट कडा दिसते, पण तिला झोन म्हणावे की नाही हे मला ठरवता येत नाही.

ओव्याचा एवढा मोठा झोन पाहून मी पुढची पायरी घेतली. ई. कोलाय मिसळलेल्या १ लिटर निर्जंतुक पाण्यात ओव्याच्या तेलाचे १० थेंब, म्हणजे साधारण अर्धा मिलिलिटर, टाकून बाटली हलवली आणि २४ तास ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या अगदी वरच्या थरातून घेतलेल्या नमुन्यात एकही वसाहत (प्लेटवर वाढून दिसणारा जिवाणूंचा ठिपका) आली नाही, आणि त्याच बाटलीच्या मध्यातून घेतलेल्या नमुन्यात मूळच्या निम्म्याहून अधिक वसाहती आल्या. लवंगेच्या बाटलीत तर तेल तळाशी लहान मण्यांसारखे जाऊन बसले होते आणि त्यावरच्या पाण्यात जिवाणूंची संख्या फारशी घटलीच नव्हती. प्रयोग तीनदा केला, तिन्ही वेळा थोड्याफार फरकाने हेच घडले.

माझे प्रश्न असे आहेत. प्लेटवर इतके प्रभावी ठरलेले तेल पाण्यात का कमी पडते? माझी पद्धत चुकते आहे की मात्रा? आणि ज्या कारणासाठी मी हा विषय घेतला तो खरा प्रश्न म्हणजे, योग्य मात्रा सापडल्यास अशा तेलाने पिण्याचे पाणी निर्जंतुक करता येईल, असा निष्कर्ष प्रबंधात मांडता येईल का? झोनचे आकडे चांगले आहेत, तेवढ्यावर निष्कर्ष लिहायला हरकत नाही, असे मला सांगण्यात आले आहे; परंतु बाटलीतले आकडे डोळ्यांसमोर असताना माझे मन ते मानत नाही.


परीक्षानळी (उत्तर):

तुमचे मन मानत नाही हे योग्यच आहे. बाटलीतले आकडे दडवू नका, कारण तुमच्या प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

आधी चकतीचा हिशोब पाहू. १० मायक्रोलिटर तेल म्हणजे वजनाने सुमारे ९ मिलिग्रॅम, म्हणजेच ९,००० मायक्रोग्रॅम. शेजारी तुलनेसाठी जेंटामायसिनची प्रमाणित चकती ठेवली असेल, तर तिच्यात औषध असते फक्त १० मायक्रोग्रॅम. दोन्ही झोन मिलिमीटरमध्ये सारखे दिसले तरी एका बाजूला ९०० पट अधिक पदार्थ ओतलेला आहे, ही गोष्ट बहुतेक प्रबंधांत कुठेच लिहिलेली नसते. त्याशिवाय आगर हे मुख्यतः पाणीच आहे आणि तेल पाण्यातून सहज सरकत नाही, त्यामुळे झोनचा व्यास तेलाची मारकशक्ती जेवढी दाखवतो तेवढीच त्याची आगरमधून पसरण्याची क्षमताही दाखवतो. दोन वेगळ्या तेलांचे व्यास शेजारीशेजारी ठेवून एक तेल दुसऱ्याहून बलवान आहे असे म्हणता येत नाही ते याच कारणामुळे. भरीला ही तेले उडून जाणारी आहेत. बंद प्लेटमध्ये त्यांची वाफ कोंडते आणि आगरच्या पृष्ठभागावरील जिवाणूंवर वरूनही काम करते. एकाच प्लेटवर चार तेलांच्या चकत्या ठेवल्या असतील, तर ओव्याच्या वाफेचा परिणाम निलगिरीच्या झोनवरही झालेला असू शकतो.

आता बाटलीकडे वळू. ओव्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास थायमॉल असते असे धरले, तर तुमच्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये ते सुमारे २२५ मिलिग्रॅम भरते. थायमॉल पाण्यात लिटरला सुमारे ९०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळू शकते, म्हणजे कागदावर सगळे विरघळायला हवे. परंतु त्याच तेलात गॅमा-टर्पिनीन आणि पॅरा-सायमीन हे हायड्रोकार्बनही आहेत, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि वर तरंगणाऱ्या त्यांच्या थरात थायमॉलचा मोठा वाटा धरून ठेवतात. थायमॉलला पाण्यापेक्षा तेल कितीतरी अधिक मानवते. तेव्हा बाटलीच्या मध्यातील जिवाणूला प्रत्यक्षात भेटणारे थायमॉल लिटरला शंभर-सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपासच असेल, आणि ई. कोलाय थोपवायला साधारणपणे काही शे मिलिग्रॅम लागतात. वरच्या थरात वसाहती नाहीत, कारण तिथल्या नमुन्यात तुम्ही तेलाचा तवंगच उचललात; त्यातले जिवाणू बाटलीत मेले की तुमच्या प्लेटवर तेल सोबत आल्यामुळे वाढू शकले नाहीत, हेसुद्धा या पद्धतीने कळत नाही. लवंगेचे तेल पाण्याहून जड असते, त्याची घनता १.०४ ते १.०६ च्या आसपास असते, म्हणून ते तळाशी गेले. तुमच्या दोन्ही बाटल्यांत जिवाणू आणि तेल वेगवेगळ्या मजल्यांवर राहत होते.

तेल जिवाणूला मारते कसे हे लक्षात घेतले की हे आणखी स्पष्ट होते. थायमॉल, कार्व्हाक्रॉल, युजेनॉल यांसारखे फिनॉल गटातील घटक जिवाणूच्या पेशीपटलातील मेदात शिरतात आणि तिथली बांधणी सैल करतात. पोटॅशियमचे आयन बाहेर गळू लागतात, पटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनचा फरक नाहीसा होतो, पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी तयार होणे थांबते. म्हणजे रेणू पटलापर्यंत पोहोचला पाहिजे आणि तोही पुरेशा संख्येने. ई. कोलाय, साल्मोनेला, व्हिब्रिओ कॉलरी, शिगेला हे पाण्यातले नेहमीचे रोगजंतू ग्रॅम-ऋण आहेत आणि त्यांच्या पेशीवर लिपोपॉलिसॅकराइडचे आणखी एक बाह्य पटल असते, जे तेलकट रेणूंना अडवते. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल हे बाह्य पटलही सैल करू शकतात, म्हणून ओवा तुमच्याकडे आघाडीवर राहिला. स्यूडोमोनासचे बाह्य पटल त्याहून घट्ट असते आणि आत शिरलेला रेणू परत बाहेर फेकणारे पंप त्याच्याकडे असतात. त्यांतला मेक्सएबी-ओपीआरएम हा पंप निकामी केलेल्या वाणावर टी ट्री तेलाचे घटक अधिक परिणाम करतात, हे दाखवले गेले आहे. तुमची ती पुसट कडा मात्र ‘झोन नाही’ अशीच नोंदवा.

पुढे काय करावे? चकतीची चाचणी प्राथमिक चाळणी म्हणून ठेवा आणि किमान रोधक मात्रा, म्हणजे एमआयसी, द्रव माध्यमात काढा. दर मिलिलिटरला ५ लाख पेशी ठेवून दुप्पट-दुप्पट विरळ केलेल्या मालिका लावा आणि शेवटी रेझाझुरिन घाला; जिवाणू जिवंत असतील तर निळा रंग गुलाबी होतो. तेलामुळे माध्यम आधीच गढूळ झालेले असते, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी वाढ ओळखण्याच्या फंदात पडू नका. नेहमीच्या ९६ खाचांच्या प्लेट पॉलिस्टायरीनच्या असतात आणि काही टर्पीन, म्हणजे सुगंधी तेलांतील हायड्रोकार्बन, त्यांना विरघळवतात. लिंबूवर्गीय तेलांबरोबर काम करताना खाचेचा तळ दुधाळ झालेला मी स्वतः पाहिला आहे आणि ती जिवाणूंची वाढ समजून एक अख्खा आठवडा वाया घालवला आहे. पॉलिप्रोपिलीनच्या प्लेट वापरा, वरून झाकणारी फिल्म लावा, आणि तेल नसलेल्या नियंत्रण खाचा वेगळ्या प्लेटवर ठेवा, कारण वाफ शेजारच्या खाचेत जाते.


स्फटिक (उत्तर):

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त तेलाच्या बाजूने थोडे जोडतो. प्रयोगात ‘ओव्याचे तेल’ एवढेच लिहिणे म्हणजे नमुन्याला नावच न देण्यासारखे आहे.

एकाच वनस्पतीच्या तेलात घटकांचे प्रमाण जात, माती, कापणीची वेळ आणि ऊर्ध्वपातनाचा कालावधी यांनुसार बदलते. थाइमच्या काही वाणांच्या तेलात थायमॉल मुख्य असते, तर दिसायला तशाच दुसऱ्या वाणाच्या तेलात लिनालूल मुख्य असते, आणि जिवाणूंवरील त्यांच्या परिणामात मोठी तफावत पडते. तुळशीचेही तसेच आहे. कुठे युजेनॉल, कुठे मिथाइल युजेनॉल, कुठे लिनालूल. गवती चहाच्या तेलाचा जोर सिट्रालवर असतो, निलगिरीचा सिनिओलवर, आणि सिनिओल हा फिनॉल नसल्यामुळे तुमचा ९ मिलिमीटरचा झोन मला अजिबात आश्चर्याचा वाटत नाही. टी ट्री तेलाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात टर्पिनेन-४-ऑल किमान ३५ टक्के असावे अशी अट घातलेली आहे, ती याचसाठी. तुमच्या चारही तेलांचे गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीने विश्लेषण करून घेता आले, तर तुमचे आकडे दुसऱ्या कोणाला पडताळून पाहता येतील.

तेल साठवले कसे होते, हेही सांगा. ओव्याचे तेल थंडीत ठेवले की त्यातले थायमॉल, म्हणजेच ओव्याचे फूल, स्फटिक होऊन बाटलीच्या तळाशी आणि कडेला जमते. बाटली उजेडात तिरकी धरली तर पारदर्शक सुयांसारखे हे स्फटिक दिसतात. अशा बाटलीतून वरचे तेल पिपेटने घेतले, तर तुम्ही चाचणीत मुख्यतः टर्पिनीन आणि सायमीन वापरत असता, आणि ज्या घटकावर सगळी भिस्त आहे तो तळाशीच राहतो. थायमॉल सुमारे ५० अंश सेल्सिअसला वितळते. बाटलीचे झाकण घट्ट लावून ती कोमट पाण्यात ठेवावी, स्फटिक पूर्ण विरघळले की हलवावी आणि मगच तेल काढावे. प्रकाश आणि हवा यांमुळे टर्पीनचे ऑक्सिडेशन होते, विशेषतः लिमोनीनचे, आणि तयार होणारे पेरॉक्साइड त्वचेला ॲलर्जी करणारे असतात, म्हणून गडद रंगाची, काठोकाठ भरलेली लहान बाटली उत्तम.

जाता जाता एक गोष्ट. ऊर्ध्वपातनानंतर तेलाखाली उरणारे सुगंधी पाणी निर्जंतुक असते, असा समज फार पसरलेला आहे. त्यात तेलाचे घटक सहसा ०.१ टक्क्याहूनही कमी असतात आणि असे पाणी नीट साठवले नाही तर त्यातच जिवाणू वाढतात. पाण्यात अल्प प्रमाणात विरघळलेल्या तेलावर पाणी टिकवण्याची जबाबदारी सोपवता येत नाही, याचा हा पुरावाच आहे.


निवळी:

तुम्हा दोघांची मनापासून आभारी आहे. स्फटिक यांचे वाचून मी लगेच बाटली पाहिली. माझे तेल शीतकपाटात होते आणि तळाशी खरोखरच सुया जमलेल्या आहेत. म्हणजे तीनही वेळा मी वरचेच तेल वापरले. प्लेटची चाचणी तेल काढले त्याच दिवशी केली होती, बाटलीचा प्रयोग दहा दिवसांनी. त्यामुळे दोन्हींत वापरलेले तेल एकच होते असे आता म्हणता येणार नाही.

मी दोन्ही प्रयोग पुन्हा करणार आहे. परंतु तेल पाण्यात नीट पसरवले आणि मात्रा वाढवली, तर पिण्याच्या पाण्यासाठी त्याचा उपयोग होईल की नाही, हा मूळ प्रश्न माझ्यासाठी अजून शिल्लक आहे. क्लोरीनचा वास आणि त्याच्यापासून तयार होणारी उपउत्पादने यांची तक्रार अनेकजण करतात. नैसर्गिक पर्याय मिळाला तर किती चांगले होईल, या विचाराने मी या विषयाकडे वळले होते.


पाणवठा (उत्तर):

मी जलशुद्धीकरणाच्या कामात आहे, त्यामुळे या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला आकड्यांनी द्यावेसे वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पीएच ८ पेक्षा कमी असताना किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर पाण्यात लिटरला ०.५ मिलिग्रॅम किंवा अधिक मुक्त क्लोरीन शिल्लक राहिले, तर निर्जंतुकीकरण परिणामकारक मानले जाते, आणि ग्राहकापर्यंत पोहोचताना किमान ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेले असावे लागते. आता तुमची तेले घ्या. थाइम किंवा ओव्यासारख्या सशक्त तेलांची ई. कोलायविरुद्धची रोधक मात्रा साधारण ०.०५ ते ०.१ टक्क्याच्या आसपास येते, टी ट्री तेलाची बहुधा त्याहून जास्त येते आणि स्यूडोमोनाससाठी तर ते १ ते ८ टक्के लागल्याच्या नोंदी आहेत. ०.१ टक्का म्हणजे लिटरला सुमारे १,००० मिलिग्रॅम. क्लोरीनच्या ०.५ मिलिग्रॅमशी तुलना केली, तर हे २,००० पट होते. आणि ही मात्रा वाढ थांबवण्याची आहे. मारण्याची मात्रा तिच्याइतकी किंवा तिच्याहून अधिक असते.

एवढे तेल असलेले पाणी पिता येईल का, हे पाहू. अन्न-मिश्रकांचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संयुक्त तज्ज्ञ समितीने लवंगेच्या तेलातील युजेनॉलसाठी शरीराच्या दर किलोमागे रोज २.५ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा ठरवलेली आहे. ६० किलो वजनाच्या माणसासाठी ती १५० मिलिग्रॅम होते. लिटरला १,००० मिलिग्रॅम युजेनॉल असलेले २ लिटर पाणी तो प्यायला, तर त्याच्या पोटात २,००० मिलिग्रॅम जाते, म्हणजे मर्यादेच्या १३ पट. १० किलोच्या बाळाची मर्यादा २५ मिलिग्रॅम आहे; असे एक लिटर पाणी त्याला ४० पट मात्रा देईल. निलगिरीचे तेल लहान मुलांच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात आणि टी ट्री तेल पोटात घेणे विषारी आहे. ‘नैसर्गिक’ हा शब्द पदार्थ कुठून आला एवढेच सांगतो. तो किती घ्यावा आणि घ्यावा की नाही, याबद्दल काहीच सांगत नाही.

माझ्या दृष्टीने त्याहूनही महत्त्वाचा मुद्दा मोजमापाचा आहे. क्लोरीन शिल्लक आहे की नाही हे डीपीडीची एक गोळी टाकून मिनिटाभरात कळते. पाणी गुलाबी झाले की रंगपट्टीशी ताडून पाहायचे. नळाशी उभा असलेला कोणीही ते करू शकतो. पाण्यात किती थायमॉल उरले आहे हे जागेवर सांगणारी अशी साधी चाचणी नाही. शिवाय ते हवेत उडते, पाइपच्या प्लास्टिकमध्ये शिरते, पाण्यातल्या सेंद्रिय गाळाला चिकटते. ज्या निर्जंतुकाचा उरलेला साठा मोजता येत नाही, त्याच्यावर एखाद्या वस्तीचे पाणी सोपवायला मी तयार होणार नाही.

क्लोरीन आणि तेल दोन्ही थोडे थोडे घालावे, असा विचार मनात येत असेल तर तो कृपया सोडून द्या. थायमॉल आणि युजेनॉल हे फिनॉल आहेत, क्लोरीन त्यांच्याशी झटकन अभिक्रिया करते आणि त्यांच्यावरच खर्ची पडते. थायमॉलपासून क्लोरोथायमॉल तयार होते, आणि क्लोरीनयुक्त फिनॉलची औषधासारखी चव अगदी अल्प प्रमाणातही जिभेला कळते. म्हणजे पाण्याची चव बिघडते आणि रक्षण करणारे क्लोरीनही संपते. तुमची उपउत्पादनांची काळजी रास्त आहे, पण तिचे उत्तर क्लोरीन घालण्याआधी पाण्यातील गाळ आणि सेंद्रिय द्रव्य गाळून काढण्यात आहे. तेल घालून आपण उलट सेंद्रिय द्रव्यच वाढवतो.

घरच्या पाण्यासाठी क्लोरीन नको असेल तर सिद्ध झालेले मार्ग आहेत. पाणी खळखळून एक मिनिट उकळणे, आणि समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळणे, याने जिवाणू, विषाणू आणि क्लोरीनलाही न जुमानणारे क्रिप्टोस्पोरिडियम हे परजीवी, तिन्ही नष्ट होतात. पाणी स्वच्छ असेल तर पारदर्शक पेट बाटलीत भरून कडक उन्हात ६ तास ठेवण्याची पद्धतही आहे. आभाळ भरलेले असेल तर सलग दोन दिवस लागतात. सुगंधी तेलांवरचे बहुतेक प्रयोग फक्त जिवाणूंवर केलेले असतात, आणि दूषित पाण्यातून रोटा, हिपॅटायटिस ए आणि ई यांसारखे विषाणूही येतात, हे तुमच्या प्रबंधात ठळकपणे यायला हवे.


पाणकणीस (उत्तर):

पाणवठा यांचे म्हणणे पिण्याच्या पाण्याबाबत मला पूर्ण मान्य आहे. तरीही या विषयाला पाण्याच्या क्षेत्रात जागाच नाही, असे वाटून निवळी यांनी निराश होऊ नये. पाण्यातील बहुसंख्य जिवाणू मोकळे तरंगत नसतात. ते पाइपच्या आतल्या भिंतीला, टाकीच्या तळाला, गाळणीच्या जाळीला चिकटून चिकट थरात राहतात. या जैवपटलात क्लोरीनही मोठ्या कष्टाने शिरते. तेलकट, आकाराने लहान असलेले कार्व्हाक्रॉल किंवा सिनॅमाल्डिहाइड यांसारखे रेणू तिथे काय करतात, यावर गंभीर काम चालू आहे, आणि पृष्ठभाग धुऊन नंतर स्वच्छ पाण्याने खळखळून काढायचा असेल तर मात्रेचा आणि चवीचा प्रश्नही बराच सौम्य होतो. अमेरिकेत थायमॉल सक्रिय घटक असलेली पृष्ठभागाची निर्जंतुके नोंदणीकृत आहेत, म्हणजे ही केवळ कल्पना नाही.

लेजिओनेलाचे उदाहरण घ्या. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात झालेल्या संमेलनानंतर न्यूमोनियाची साथ आली आणि पुढच्या वर्षी तिच्यामागचा हा जिवाणू ओळखला गेला. तो कोमट पाण्यातील जैवपटलात आणि त्यावर जगणाऱ्या अमीबांच्या आत वाढतो, आणि शीतन मनोऱ्यांच्या किंवा शॉवरच्या तुषारांमधून श्वासावाटे फुप्फुसात जातो. मात्र याच ठिकाणी सावधगिरीही तितकीच हवी: तुषारांबरोबर तेलही श्वासात जाईल, आणि लिमोनीनसारखी टर्पीन हवेतील ओझोनशी संयोग पावून फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करतात. म्हणून चालू यंत्रणेत तेल सोडण्यापेक्षा यंत्रणा बंद ठेवून केलेल्या साफसफाईत त्याचा विचार करणे मला अधिक सुज्ञपणाचे वाटते.

मत्स्यपालनातही एरोमोनाससारख्या जिवाणूंविरुद्ध ही तेले तपासली जातात. तिथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की लवंगेचे तेल लिटरला ४० ते १०० मिलिग्रॅम इतक्या मात्रेत माशांना गुंगी आणण्यासाठी वापरतात. जिवाणू मरण्याच्या बऱ्याच आधी मासा आडवा होतो. प्रयोग संपल्यावर उरलेले तेलमिश्रित पाणी ओढ्यानाल्यात सोडू नये, हे यावरून आपोआप समजते.


निवळी:

माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि प्रबंधाची दिशाही बदलली. आता मी तीन गोष्टी करणार आहे: स्फटिक विरघळवून घेतलेल्या तेलाची द्रव माध्यमात एमआयसी काढणे, त्या मात्रेला निर्जंतुक पाण्यात वेळेनुसार जिवाणू किती घटतात ते मोजणे, आणि काचेच्या पट्टीवर वाढवलेल्या ई. कोलायच्या जैवपटलावर तेच तेल लावून पाहणे. पिण्याच्या पाण्याचा निष्कर्ष मी काढून टाकते आहे; त्याऐवजी पाणवठा यांनी दाखवलेला मात्रेचा हिशोब माझ्या आकड्यांनिशी मांडेन.

एकच शंका उरली आहे. तेल पसरवण्यासाठी माझ्याकडे ट्वीन ८० आहे. ते किती घ्यावे, आणि पाण्याच्या प्रयोगातही तेच चालेल का?


परीक्षानळी:

ट्वीन ८० जपून वापरा, कारण ते दोन्ही बाजूंनी काम करते. त्याचे सूक्ष्म गोळे तेलाला पाण्यात धरून ठेवतात, पण त्याच गोळ्यांत थायमॉल कोंडून राहिले की जिवाणूंपर्यंत पोहोचणारे प्रमाण घटते. फिनॉल गटातील निर्जंतुकांचा परिणाम थांबवण्यासाठी आपण लेसिथिनबरोबर ट्वीन ८० च वापरतो, हे तुम्ही प्रात्यक्षिकात पाहिले असेलच. माध्यमात ०.५ टक्क्याच्या वर जाऊ नका. दुसरा पर्याय म्हणजे माध्यमात ०.१५ टक्के आगर घालणे. ते गोठत नाही, पण तेलाचे थेंब परत एकत्र येण्यापासून रोखण्याइतके दाट होते. पाण्याच्या प्रयोगात शक्य असल्यास पसरवणारे द्रव्य अजिबात वापरू नका. तेलाऐवजी शुद्ध थायमॉल घ्या, ते पाण्यात आधीच ढवळून पूर्ण विरघळवा आणि मग त्यात जिवाणू सोडा. स्वच्छ पाण्यात प्रथिने आणि मेद नसल्यामुळे तिथे मात्रा माध्यमापेक्षा कमीही लागू शकते. उलट पाण्यातील उपाशी पेशी अधिक चिवटही निघू शकतात. दोन्ही शक्यता मनाशी धरून मोजा.

नमुना घेतल्यावर तो लगेच लेसिथिन आणि ट्वीन ८० असलेल्या द्रवात दहापट विरळ करा, म्हणजे प्लेटवर सोबत जाणारे थायमॉल वाढ रोखणार नाही. ९९.९ टक्के घट झाली तरच ‘मारक’ हा शब्द वापरा. व्हिब्रिओ कॉलरी आणि ई. कोलाय जिवंत असूनही प्लेटवर न वाढण्याच्या अवस्थेत जाऊ शकतात, हे १९८२ पासून माहीत आहे, म्हणून शून्य वसाहती आलेले नमुने पोषक द्रवात आणखी दोन दिवस ठेवून पुन्हा पाहा. त्यानेही प्रत्येक पेशी सापडेल असे नाही, पण दुखावलेल्या पेशींना सावरायला वेळ मिळतो. आणि प्रत्येक फेरीत तीन नियंत्रणे ठेवा: नुसते पाणी आणि जिवाणू, विरळ करण्याचा द्रव आणि जिवाणू, व तिसरे, त्या द्रवात थायमॉल घालून नंतर सोडलेले जिवाणू. तिसऱ्यात संख्या घटली तर तुमचा द्रव थायमॉलला थांबवत नाही असे समजा, आणि तो दुरुस्त होईपर्यंत बाकीचे आकडे वहीत पेन्सिलनेच लिहा.